‘फोरास’ला मराठीत काय म्हणावे?

दांडियाबाजार:
मंडळाच्या अंकासाठी एका जुन्या इंग्रजी पुस्तकातली काही पाने मराठीत आणते आहे. फ्रान्सिस वॉर्डन हा मुंबई सरकारचा मुख्य सचिव. त्याने १८१४ साली मुंबई बेटावरच्या जमीनधारणेचा अहवाल लिहिला. माझ्यापुढे आहे ती १८६१ ची सरकारी छपाई, सासऱ्यांच्या कपाटातली. पान उलटताना कोपरा हातात येतो, पण अक्षर अजून ठसठशीत आहे.

अडले आहे ‘फोरास’वर. समुद्र मागे हटवून भाताखाली आणलेली सखल, खारट जमीन आणि तिच्यावरचा हलका सारा, दोन्हींना हा एकच शब्द. मी ‘खाजण’ लिहिले होते. शेजारचे काका मूळ अलिबागकडचे, त्यांनी ते खोडायला लावले. भरतीचे पाणी शिरते ते खाजण, बांध घालून पीक काढले की ती खार, असे ते म्हणतात. ‘खार’ लिहिले तर जमीन आली, सारा कुठे आला?

रावपुरा_जुनेघर:
ताई, मूळ शब्द ‘फरास’ असणार. गायकवाडांचा फरासखाना आमच्या आजोबांच्या तोंडी नेहमी असायचा: तंबू, गालिचे, बैठका. ‘फर्श’ म्हणजे पसरलेले. भराव पसरून केलेली जमीन ती फरास. साहेबाने कानाला आले तसे लिहिले असेल.

सुरसागर:
काका, फरासखान्याचा इथे संबंध नाही. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, प्रत्यक्ष ताबा १६६५ ला मिळाला आणि १६६८ ला राजाने ती वर्षाला १० पौंडांवर कंपनीला दिली. जमिनीच्या व्यवहारातली भाषा त्याआधीच पोर्तुगीज झाली होती. पोर्तुगीजमध्ये ‘फोरा’ म्हणजे बाहेर. वस्तीबाहेरची जमीन, म्हणून फोरास.

निजामपुरा:
‘फोरा’ नव्हे, ‘फोरु’. फोरु म्हणजे जमिनीबद्दल द्यायचा ठरीव खंड. गोव्यात कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या सामाईक, जमिनी ‘आफोरामेंतु’ने द्यायचे ते यातलेच. म्हणजे सारा आधी, जमिनीचे नाव मागून. ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे: ‘खंड’ लिहा.

सुरसागर:
खंड कसा लिहिणार? कूळ मालकाला देते तो खंड. इथे घेणारी कंपनी होती, आणि भरतीत जाणारी जमीन कोणीतरी कसावी म्हणून मुद्दाम कमी घेत होती.

निजामपुरा:
कंपनी तरी कोण होती? राजाची भाडेकरूच. भाडेकरूने पोटकुळाकडून घेतलेला तो खंडच.

सयाजीगंज_वाचक:
परकीय शब्द तसाच ठेवायचा तर अनुवाद करायचाच कशाला? रघुनाथ पंडितांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला तो फारसी शब्द काढून टाकण्यासाठी. आपल्या बडोद्यात १९३१ साली सयाजीशासनशब्दकल्पतरू निघाला. ज्या गावाने राज्यकारभारासाठी एवढा कोश करवून घेतला, तिथल्या माणसांनी ‘फोरास’पुढे हात टेकावेत याचे वाईट वाटते. ‘बहिर्भूमिकर’ म्हणा. अर्थही बसतो.

मांडवीमावशी:
अहो, बहिर्भूमी! आमच्या पिढीत बहिर्भूमीस जाणे कशाला म्हणत ते विसरलात का? मंडळातले निम्मे वाचक माझ्या वयाचे आहेत. आणि कल्पतरूचा दाखला उलटा जातो. त्यात एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारीशेजारी मांडले आहेत. वापरातले शब्द हाकलायला तो कोश केलेला नव्हता.

सयाजीगंज_वाचक:
मावशी, आदर ठेवून सांगतो, वापरातला शब्द असता तर मी बोललोच नसतो. ‘फोरास’ बडोद्यात कोण वापरतो?

मांडवीमावशी:
मुंबईत वापरतात. माझी बहीण गिरगावात राहते, फोरास रोड तिथे कोणालाही ठाऊक. त्या जमिनींवरून गेलेल्या रस्त्याचे नाव आहे ते. मुंबईची गोष्ट मुंबईच्या शब्दात सांगावी.

कारेलीबाग_दप्तर:
नोकरीत महसुलाची जुनी कागदपत्रे पुष्कळ हाताळली, म्हणून लिहितो. ‘फोरा’ची व्युत्पत्ती खरी धरली तर आपल्याकडे तिचा जोड आहे: बारखली. बहार आणि खळी, म्हणजे सरकारी खळ्याबाहेर. जिचे धान्य सरकारच्या खळ्यावर येत नाही ती जमीन: इनाम, देवस्थान, चाकरियात (चाकरीबद्दल दिलेली).

शब्द जुळतात, व्यवहार मात्र उलटा आहे. मुंबईत ‘बाहेरची’ जमीन कंपनीला सारा देत असे. बडोद्यात ‘बाहेरची’ जमीन सरकारच्या वसुलातून सुटलेली असे. म्हणून कोणी फोरासला बारखली लिहिले तर शब्दशः बरोबर आणि हिशेबाने साफ चूक. जमिनीच्या शब्दात कोण कोणाचे देणे लागतो हे भरलेले असते. तेवढे हलले की सुंदर प्रतिशब्दाचा काही उपयोग नाही. मुंबईतले हे देणे पुढे इतके पक्के झाले की १८५१ च्या फोरास कायद्याने सरकारने जमिनीवरचा आपला हक्क सोडला, सारा तेवढा चालू ठेवला.

त्याच अहवालात ‘पेन्शन’ येईल, तिथे जपा. ते कोणाला मिळणारे निवृत्तिवेतन नाही. १६७२ मध्ये गव्हर्नर आंजियरशी झालेल्या करारात रहिवाशांनी वर्षाला २०,००० झेराफिन द्यायचे कबूल केले, ती ही पेन्शन. झेराफिन म्हणजे मुळात आपली अशरफी.

दांडियाबाजार:
काका, तुमचे वाचून अंगावर काटा आला. आधी सांगायला हवे होते: फोरासच्या पानावर समासात पेन्सिलीने मोडीत टिपण आहे. पहिला शब्द ‘फोरास’, मग ‘म्हणजे’ची खूण, मग ‘बार’. पुढचे अक्षर गेले, कारण फेरबांधणीत कडा कापली आहे. ‘र’ची शेपटी मात्र पुढे वळलेली दिसते.

सुरसागर:
‘बाहेर’ असेल. ‘हे’ घाईत गिळला.

कारेलीबाग_दप्तर:
बडोद्याच्या मोडी लिहिणाऱ्याच्या हातून ‘बार’ नंतर ‘खली’ येणे फार सहज आहे. फोटो टाका, ताई. तिरका उजेड पाडून घ्या, पेन्सिलीचा दाब दिसतो.

रावपुरा_जुनेघर:
‘फो’वरचा कानामात्रा नक्की आहे का? की ‘फरास’च आहे?

दांडियाबाजार:
आहे, काका. स्पष्ट आहे. उद्या सकाळच्या उन्हात फोटो घेते. तोवर एक सांगा. त्याच पानावर ‘बॅटी’ आहे, ते आपले भातच ना? मी ‘भातजमीन’ लिहिले, मुलगा म्हणतो ‘डांगरची जमीन’ लिही.

मांडवीमावशी:
बडोद्यात डांगर म्हटले की साळीचे भात, गुजरातीमुळे. हाच अंक पुण्याला गेला तर तिथे लाल भोपळ्याचे शेत समजतील. आणि माझ्या सासरी डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचे, ताकात कालवलेले. भातच ठेवा.

निजामपुरा:
आणि ‘ओर्त’चे काय केले? पोर्तुगीज ‘ओर्ता’, नारळाची बाग. ‘वाडी’ लिहिलेत तर इथला वाचक लग्नाचा हॉल समजेल.

सयाजीगंज_वाचक:
‘नारिकेलोद्यान’.

मांडवीमावशी:
आगर! कोकणात नारळ-पोफळीचे आगर म्हणतात, जिवंत शब्द आहे.

निजामपुरा:
आगर म्हटले की अर्ध्या लोकांना मिठागर आठवते, आणि या अहवालात खाऱ्या जमिनी पानोपानी आहेत. घोळ होईल. वाडीच बरी.

मांडवीमावशी:
मग आपल्या गावातल्या वाडी भागाला काय म्हणायचे? तिथे जन्मलेली आहे मी. तिथे नारळ नव्हते, लग्नाचा हॉलही नव्हता.

सुरसागर:
मावशी, तिथे पूर्वी बागा असतील, म्हणून वाडी.

मांडवीमावशी:
असतील म्हणून चालणार नाही. जुना नकाशा दाखवा.