मदत हवी आहे: इल्टिसने कोंबड्या मारल्या, शिकारीचा हंगाम कधी असतो?

खुराडेवाली: रात्री खुराड्यातल्या सगळ्या तलंगा मारून टाकल्या. मानेवर चावे, नेली एकही नाही. शेजारचे आजोबा म्हणतात इल्टिसचं काम आहे, पिंजरा लावा. इल्टिस हे युरोपियन पोलकॅटचं जर्मन नाव, मुंगसासारखा दिसणारा लहान शिकारी प्राणी. याच्या शिकारीचा हंगाम कधी असतो? पिंजरा आजच आणणार आहे, लवकर सांगा.

राईनकाठी: देश कोणता?

खुराडेवाली: जर्मनीच, इल्टिस म्हटलं ना! तारखा सांगा.

राईनकाठी: केंद्राच्या नियमात १ ऑगस्ट ते २८ फेब्रुवारी. राज्य सरकार मात्र हा काळ कमी करू शकतं किंवा वर्षभर बंदी घालू शकतं. तुमचं राज्य कोणतं? आणि आता मे चालू आहे, म्हणजे केंद्राच्या नियमाप्रमाणे हंगाम नाही.

श्रॉपशरची_मावशी: आमच्याकडे इंग्लंडमध्ये हंगाम वगैरे नाही. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवान्याशिवाय पिंजऱ्यात पकडताच येत नाही. शिकारी जमिनींच्या राखणदारांनी पूर्वी इतके मारले की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्यतः वेल्समध्येच उरले होते. आता परत पसरतायत. जगू द्या त्याला.

खुराडेवाली: मावशी, मी इंग्लंडबद्दल विचारलं नाही. माझ्या कोंबड्या गेल्यात.

दापोलीकर: आमच्याकडे मुंगूस असंच करतो. खुराड्याला रात्री कंदील टांगा, जवळ येत नाही.

फेरेटप्रेमी: फेरेट हा पोलकॅटचाच पाळीव अवतार. माझ्याकडे दोन आहेत, अतिशय प्रेमळ. पाळायचा विचार आहे का?

राईनकाठी: फेरेटचं इथे काय? ताई, इल्टिसच कशावरून? प्राणी पाहिलात का? तोंडावर काळा पट्टा, भोवती पांढरट केस आणि काळ्या केसांखालून पिवळसर लोकर दिसली तर इल्टिस. गळ्यावर पांढरा डाग आणि झुपकेदार शेपटी असेल तर स्टाइनमार्डर, म्हणजे इल्टिसचाच नातेवाईक स्टोन मार्टेन. त्याचा केंद्रीय हंगाम वेगळा, १६ ऑक्टोबर ते २८ फेब्रुवारी.

खुराडेवाली: पाहिला नाही. वास मात्र भयंकर होता.

शिकारखाते: इल्टिस घाबरला की शेपटीखालच्या ग्रंथींतून वास सोडतो, पण नुसत्या वासावरून खात्री होत नाही. माझ्याकडे शिकारीचा परवाना आहे म्हणून स्पष्ट सांगतो, आज पिंजरा लावू नका. पिल्लं साधारण एप्रिल ते जूनमध्ये होतात. त्या काळात पिल्लांना वाढवणाऱ्या आईला मारणं हा केंद्रीय शिकार कायद्यानुसार गुन्हा आहे. कुंपणाच्या आत मालकाला थोडे अधिकार असतात, तेही राज्यागणिक वेगळे. गावात शिकारीचे हक्क भाड्याने घेतलेल्या माणसाला किंवा जिल्ह्याच्या शिकार कार्यालयाला विचारा.

दापोलीकर: एवढे कायदे? मग कोंबडी राखायची कोणी?

श्रॉपशरची_मावशी: जाळीने राखायची! २०२० च्या जर्मन लाल यादीत तो धोक्यात आलेल्यांत आहे. पाणथळ जागा आणि बेडूक कमी झाले, त्याचं मुख्य अन्नच गेलं.

शिकारखाते: मावशी, राज्याने दिलेल्या हंगामात नियमाने केलेली शिकार बेकायदा नाही. पण जाळीचं अगदी बरोबर. षटकोनी पातळ जाळी काढून टाका. वेल्ड केलेली बारीक छिद्रांची जाळी लावा, खालून जमिनीत गाडा आणि बाहेरच्या बाजूला वळवा. दाराच्या फटीही बुजवा, लहानशी फट त्याला पुरते. कंदील कामाचा नाही.

दापोलीकर: आमच्याकडे चालतो.

खुराडेवाली: राज्य नीडरझाक्सन. खुराड्याला पातळ जाळीच आहे, दाराखाली फट आहे. म्हणजे पिंजरा नकोच?

राईनकाठी: हे आधी सांगायला हवं होतं. आज पिंजरा नको. नीडरझाक्सनच्या सध्याच्या तारखा राज्याच्या नियमात बघा, जुन्या यादीवर विसंबू नका. फट आजच फळी ठोकून बंद करा. तो परत येतो.

खुराडेवाली: फळी आहे. वेल्ड केलेली जाळी रुंदीला किती घ्यायची, कोणी सांगेल का?

फेरेटप्रेमी: फेरेटच्या पिंजऱ्यासाठी मी घेतली आहे, फोटो टाकतो.