उत्तर: छोटा रोहित आणि पांढरी चिप्पी, तुलना करायची तरी कशी

वर कोणीतरी लिहिलंय की छोटा रोहित (म्हणजे लेसर फ्लेमिंगो) रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत, 'निअर थ्रेटन्ड' (धोक्याच्या जवळ) आहे आणि पांढरी चिप्पी, हे खाडीकाठच्या कांदळवनातलं झाड, 'लीस्ट कन्सर्न' (सगळ्यात कमी काळजीचं), म्हणजे आधी काळजी फ्लेमिंगोची करायची. यादीचं बरोबरच आहे, पण ती जगभराची यादी, आपल्या ठाणे खाडीची नाही. आणि दोघांच्या वर्गीकरणात एक गंमत आहे ती इथे अजून कोणी सांगितली नाही. फ्लेमिंगो बगळ्या-करकोच्यांसारखा दिसला तरी डीएनएवरून त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक निघाला तळ्यात बुड्या मारणारी टिबुकली! चिप्पीचंही तसंच, आधी तिचं कुळ वेगळं धरायचे, आता ती मेंदीच्या कुळात, आणि ताम्हणही त्याच कुळातलं, म्हणजे आपलं राज्यफूल ताम्हण आणि २०२० साली राज्य कांदळवन वृक्ष जाहीर झालेली चिप्पी एकाच घरातले.

मी ऐरोलीला राहतो, सकाळी ओहोटीला खाडीवर गेलो की चिप्पीखाली चिखलावर पांढऱ्या केसरांचा सडा दिसतो, फुलं रात्री उमलतात ना, उजाडेपर्यंत गळूनही जातात, आणि तिथेच शंकूसारखी श्वासमुळं (हवा घेणारी मुळं) चिखलातून वर आलेली असतात. त्याच्या पुढे उघडा चिखल, तिथे डोकं उलटं करून चोचीने शेवाळ गाळत बसलेले रोहित. खाडीत गाळ साचत गेला तशी कांदळवनं या उघड्या चिखलावर पुढे सरकली आहेत आणि रोहितला तर तो मोकळाच लागतो. म्हणून मला वाटतं इथे झाडं मोजतो तसा उघडा चिखलही दरवर्षी मोजला पाहिजे.