मदत हवी आहे: ऑपरेशननंतर आतून आवळलंय, शौचाला नीट होत नाही

रात्रपाळी:
५ महिने झाले. व्रण आवळून वाट अरुंद झालीये म्हणतात. सकाळी ४० मिनिटं बसतो, पेन्सिलीएवढं काहीतरी पडतं. उठून नाडी बांधेपर्यंत पुन्हा कळ. दिवसाला ११ फेऱ्या. फायबर वाढवलं तर उलट जास्त तुंबलं. कोणी यातून गेलंय का? 'डॉक्टरांना विचारा' सोडून काहीही सांगा.

सुमा_क:
ऑपरेशन कसलं? मूळव्याध की गाठ? आवळलंय ते गुदद्वारापाशी की वर आतड्याच्या जोडावर?

जुना_खेळाडू:
इसबगोल, रोज रात्री २ चमचे. माझी १२ वर्षांची बद्धकोष्ठता गेली.

सुमा_क:
अहो, वाटच अरुंद असताना इसबगोल फुगून तिथेच अडकेल. ते तेच तर सांगताहेत! मऊ करणारं हवं, भर घालणारं नको.

रात्रपाळी:
गुदाशयाची गाठ होती. स्टेपलरने जोडलंय. पोटावरची शौचाची पिशवी २ महिन्यांपूर्वी बंद केली. आधी रेडिएशनही झालंय.

बिनटाका:
आणि हे आत्ता सांगताय? माझाही असाच जोड. दुर्बिणीतून फुगा घालून ३ वेळा रुंद केला. पहिल्या खेपेला महिनाभरात पुन्हा आवळला. आता रोज पीईजी (शौच मऊ करणारी) पावडर पाण्यातून, पायाखाली स्टूल, कुंथणं बंद. पण ११ फेऱ्या नुसत्या अरुंदपणाच्या नसाव्यात. गुदाशय गेला की साठवायची जागाच जाते. त्यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंचा फिजिओ वेगळा.

मनीमाऊ:
मी घरीच डायलेटर (वाट रुंद करायची कांडी) वापरते, जेल लावून. मस्त फरक.

बिनटाका:
तुमचं मूळव्याधीचं ऑपरेशन ना? ते बाहेरच्या तोंडाशी. यांच्या जोडावर घरी काही घालायचं नाही, आतडं फाटेल.

मनीमाऊ:
मलाही सर्जननेच शिकवलंय, उगाच घाबरवू नका.

टिंबटिंब:
पोट साफ नसलं की केस गळतात का हो?

सुमा_क:
त्याचा वेगळा धागा काढा. रात्रपाळी, पोट फुगून वारा सरणं बंद झालं, उलट्या लागल्या, तर घरी थांबू नका. आणि एवढ्यात कोणी बोट घालून किंवा दुर्बिणीने तपासलंय का? गाठ परत आली नाही ना, हे आधी बघतात.

रात्रपाळी:
सोमवारी दुर्बीण आहे. फायबर आजपासून बंद. स्टूल किती उंच घ्यायचं?

जुना_खेळाडू:
मग इसबगोल सकाळी घेऊन बघा.