बांधकाम प्रकल्पात अंतिम निर्णय कोणाचा: साइटवरच्या अभियंत्याचा की कार्यालयाचा?

रूळमापे (धागाकर्ता):
कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला. महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी मार्गाचे सात विभाग पाडून प्रत्येक विभाग एका मुख्य अभियंत्याकडे सोपवला आणि त्याला भरघोस अधिकार दिले, हे त्या वेगाचे खरे कारण आहे, असे माझे मत आहे. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती वारंवार ढासळत असताना आधार कसा द्यावा, हे विचारणारी नस्ती (फाइल) टेबलाटेबलांवरून फिरत बसली असती, तर काय झाले असते?

नस्तीकार:
हे उदाहरण देताना ते स्वतंत्र महामंडळ होते आणि कर्जरोखे काढून पैसा उभारत होते, हे सोयीस्करपणे वगळले जाते. आपल्या सरकारी खात्यातील उपअभियंत्याला ती मुभा नाही. शिवाय स्लॅबचे लोखंड बांधून झाल्यावर सळईचा व्यास, अंतर आणि लांबी मोजमाप पुस्तिकेत न नोंदवताच काँक्रीट ओतले, तर आत काय आहे याला ठेकेदाराच्या शब्दापलीकडे आधार राहत नाही. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या धडाडीच्या साहेबांची बदली होऊन जाते; लेखापरीक्षणाच्या आक्षेपाला उत्तर देत बसतो तो कनिष्ठ अभियंता.

खाजणकाठ:
गोव्यात खाजण जमिनींवरून (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेती) आणि जुन्या गोव्याच्या वारशावरून या मार्गाला तीव्र विरोध झाला होता, हेही धाग्यात यायला हवे. एकहाती नेतृत्वाला मुदत दिसते. भरावाने पाण्याची वाट अडेल ही शेतकऱ्याची हरकत त्याला केवळ अडथळा वाटते.

रूळमापे:
मोजमाप त्याच दिवशी झालेच पाहिजे, यावर वाद नाही. माझा आक्षेप मंजुरीच्या उतरंडीला आहे. पायाच्या खोदाईत अनपेक्षित खडक लागला, की जादा बाबीचा (करारात नसलेल्या कामाचा) प्रस्ताव वर जातो, त्रुटी काढून परत येतो, तोवर यंत्रे उभी राहतात आणि पुढे लवादात ठेकेदार त्याच उभ्या यंत्रांचे भाडे मागतो. ते भाडे त्रुटी काढणाऱ्याच्या पगारातून कधी कापले गेल्याचे ऐकिवात नाही (आणि तसे व्हावे असेही मी म्हणत नाही).

नस्तीकार:
मग जादा बाबीसाठी रकमेची मर्यादा लेखी ठरवून कार्यकारी अभियंत्याला अधिकार द्यावेत आणि खडकाचे स्तर व छायाचित्रे खोदाई चालू असतानाच नोंदवून घ्यावीत. तोंडी आदेशावर काम सुरू करायला मात्र माझा विरोध कायम आहे.