मदत हवी आहे: गाडीचा अलार्म मध्यरात्री उगाच बोंबलतो, धक्का ओळखणारा शॉक सेन्सर कुठे आणि कसा बसवायचा?

मंडळी, गाडी जुनी वॅगन आर. सेंट्रल लॉकिंग आणि सायरनवाला अलार्म बाहेरून बसवून घेतलाय. आमची सोसायटी सातारा रोडला लागून, पार्किंग उघडं. रात्री दीड-दोनला एखादी एसटी किंवा ट्रक गेला की सायरन सुरू. मी चौथ्या मजल्यावरून रिमोट दाबतो, तो तिथून चालत नाही, मग लुंगीवर खाली धाव. सेक्रेटरींनी परवा नियमच ऐकवला: रात्री १० ते सकाळी ६, निवासी भागात ४५ डेसिबल. नियम बरोबरच आहे, माझं तोंड बंद झालं.

बसवणाऱ्याकडे दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्याने सेन्सरचा तिखटपणा कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू आणखी थोडा मागे फिरवला, "आता नाही वाजणार" म्हणाला. गंमत अशी की आता मागच्या दारावर बुक्की मारली तरी गाडी ढिम्म, पण ट्रक गेला की बोंब आहेच. म्हणजे चोराला मोकळीक आणि शेजाऱ्यांना शिक्षा. सेन्सर काड्यापेटीएवढा आहे, स्टिअरिंगखाली एसीच्या प्लॅस्टिक डक्टवर डबल साइड टेपने चिकटवलाय. हा सेन्सर बिघडलाय की जागा चुकली?

वायरवाला: आधी एक रात्र सेन्सरचा प्लग काढून ठेव आणि गाडी नेहमीसारखी लॉक कर. तरीही वाजली तर सेन्सरचा काही दोष नाही. दाराचं किंवा बॉनेटचं स्विच बघ, पावसाळ्यात त्यात पाणी जातं. वाजली नाही तर पुढचं बोलू. बॅटरीचं व्होल्टेजही मोज, कमजोर बॅटरीवर काही अलार्म वेड्यासारखे वागतात.

धागाकर्ता: दोन रात्री प्लग काढून ठेवला. चिडीचूप. बॅटरी सकाळी १२.५ दाखवते.

वायरवाला: मग जागाच चुकली आहे. सेन्सरला हादरा पोचतो तो त्याला जिथे बांधलंय त्या वस्तूतून. डक्ट म्हणजे पातळ प्लॅस्टिकचं पोकळ खोकं, ट्रकच्या घरघरीने ते डफासारखं थरथरतं. दारावरची बुक्की मात्र पत्र्यातून लोखंडी सांगाड्यात जाते, डक्टपर्यंत येताना मरून जाते. त्यात उन्हात टेपचा फोम मऊ होतो, सेन्सर अर्धा लोंबकळतो. अशा जागी स्क्रू कितीही फिरवा, उपयोग शून्य.

डॅशबोर्डच्या आत आडवा लोखंडी दांडा असतो, स्टिअरिंग त्यालाच टांगलेलं असतं. त्याच्या ब्रॅकेटला, शक्यतो गाडीच्या मध्याकडे, दोन केबल टायने आवळ. हाताने हलवला तर हलता कामा नये. फिरणाऱ्या स्टिअरिंग रॉडजवळ किंवा पेडलच्या वाटेत वायर येऊ देऊ नकोस. एअरबॅग असेल तर पिवळ्या वायरींना हातही लावायचा नाही. इंजिनाच्या बाजूला बसवायचा मोह नको, उष्णता आणि पाणी दोन्ही त्याला खातात.

चौथा गिअर: लोखंडाला घट्ट बांधला की तो भलताच तिखट होतो, हे लक्षात ठेवा. माझा तर दार नुसतं टेकवलं तरी ओरडायचा. शेवटी वायरिंगच्या जाड गठ्ठ्याला बांधला, थोडा हादरा गठ्ठ्यातच जिरतो. दोन्ही करून बघा.

वायरवाला: बरोबर. म्हणून बसवल्यावर स्क्रू आधी पार कमीवर ने, मग पाव-पाव फेरा वाढव. कोणत्या बाजूला वाढतं ते सेन्सरवरची खूण बघून ठरव. प्रत्येक वेळी दारं-काचा बंद, गाडी लॉक, अर्धा मिनिट थांबायचं, मग दारामधल्या खांबावर मुठीच्या कडेने ठोसा. काचेवर प्रयोग नकोत, काच महाग पडेल. तुझा सेन्सर दोन टप्प्यांचा दिसतोय: हलक्या धक्क्याला नुसती चिवचिव, जोराच्या धक्क्याला पूर्ण सायरन. चिवचिव कधी होते त्यावर सेट कर. आणि हे दुपारी करू नकोस, रात्री गाडी थंड झाल्यावर, रस्ता चालू असताना कर.

धागाकर्ता: रविवारी रात्री ११ ला टॉर्च तोंडात धरून केलं. टेप ओढताच सेन्सर हातात आला, चिकटलेला नव्हताच! दांड्याला बांधल्यावर पहिल्यांदा वॉचमनच्या काठीनेही वाजली, मग अर्धा फेरा मागे. आता पुढच्या दारांवर ठोसा मारला की चिवचिव, जोरात मारला की सायरन. डिकीवर मात्र दोन ठोसे लागतात. चार रात्री झाल्या, ट्रक जातात, गाडी झोपलेली असते. डिकीसाठी वाढवू की राहू दे?

चौथा गिअर: राहू द्या हो! डिकीत स्टेपनीशिवाय आहे काय? आणि गणपतीत ढोल पथक गल्लीत आलं की तेवढ्यापुरता प्लग काढा.