‘मेदाम्लांचे निष्कर्षण’ लिहू की आणखी काही?

प्रश्न: पुण्यातल्या पाषाणच्या एका प्रयोगशाळेसाठी कामाची पद्धत मराठीत लिहून देतेय. नमुना जवसाचा. ‘फॅटी ॲसिड एक्स्ट्रॅक्शन’ला ‘मेदाम्लांचे निष्कर्षण’ लिहिलं, तर तिथले मदतनीस हसले. ‘अर्क काढणे’ चालेल का?

— अर्क नको. ओव्याचा अर्क म्हटलं की भट्टी आणि वाफ डोळ्यांसमोर येते. इथे द्रावक मेद विरघळवून ओढून घेतो, कर्षणच ते. निष्कर्षण बरोबर आहे. फक्त अहवालात ‘निष्कर्षणाचे निष्कर्ष’ येऊ देऊ नका!

— ताई, निष्कर्षण ठीक, पण कशाचं? जवसाच्या दाण्यात मेदाम्लं सुटी जवळपास नसतातच. तीन-तीन मिळून ग्लिसरॉलला बांधलेली असतात. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच्या २:१ मिश्रणात (फोल्च यांची १९५७ची पद्धत) उतरतो तो मेद. अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडने त्याचं साबणीकरण करायचं (म्हणजे मेद तोडून मेदाम्लांचा साबण करायचा), मग आम्ल घालून सामू (pH) २ च्या आसपास आणायचा, तेव्हा कुठे मेदाम्लं मोकळी होतात. म्हणून पहिल्या टप्प्याला ‘मेदाचे निष्कर्षण’ आणि दुसऱ्याला ‘मेदाम्ले मुक्त करणे’ लिहा. एकाच शब्दात दोन्ही कोंबलं की नवा माणूस साबणीकरण गाळून मोकळा होतो.

— ‘वरचा थर घ्या’ एवढंच तर लिहिलं नाहीये ना? क्लोरोफॉर्म पाण्याहून जड, त्यामुळे त्यात विरघळलेला मेद खालच्या थरात जातो. हेक्झेन (हाही द्रावकच) हलकं, ते वर तरंगतं. त्यातही साबणीकरणानंतर, आम्ल घालण्याआधी, हेक्झेनने धुतो तेव्हा वरचा थर टाकायचा असतो, कारण त्यात स्टेरॉलसारखा साबण न होणारा भाग जातो आणि आपला माल साबण होऊन खालच्या पाण्यात असतो. आम्ल घातल्यावर तेच हेक्झेन, तोच वरचा थर, पण आता जपून ठेवायचा. दर वेळी द्रावकाचं नाव लिहाच. ‘सेपरेटिंग फनेल’ तसंच राहू द्या. ‘विलगकारी नरसाळे’ मागितलं तर भांडारातून काहीही येईल.

प्रश्नकर्ती: थरांचं खरंच तसंच लिहिलं होतं, आता बदलते. शेवटी ‘नमुना वाळवा’ आहे, ते?

— ‘वाळवा’ वाचून कुणीतरी ओव्हनमध्ये ठेवेल. ‘नायट्रोजनच्या झोतात द्रावक उडवा’ लिहा. जवसातलं लिनोलेनिक आम्ल तीन दुहेरी बंधांचं; गरम हवा लागली की खवट व्हायला वेळ लागत नाही. ‘उडवा’ हा शब्द मदतनिसांच्या रोजच्या तोंडातलाच आहे.