गुडघ्याची गॅप कमी झाली म्हणून चालणंच बंद करायचं का?

क्लचवाला:
वय ६९, राहणार कराड. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होतो. डावा पाय जन्मभर क्लचवर, आणि आता तोच गुडघा बोलतोय. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातल्या हाडांमधली गॅप कमी झालीय, वजन उतरवा. (८४ आहे.) आळीतले म्हणाले, वंगण संपलं, चालाल तेवढं घासणार. घाबरून प्रीतिसंगमापर्यंतची सकाळची फेरी दोन महिने बंद ठेवली. झालं उलटंच. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, पहिली चार पावलं जीव घेतात, मग पाय सुटतो. चालू की नको?

माडीवरची आजी:
अहो, गाडी दोन महिने डेपोत उभी ठेवली तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायचं? माझे दोन्ही गुडघे आठ वर्षं असेच आहेत आणि घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कठडा धरून. हे कळेपर्यंत जिन्यात बसून रडलेय मी. पूजेला पाट सोडून स्टूल घेतलं. आधी देवापुढे पाय सोडून बसल्यासारखं वाटायचं. संडासात कमोडची खुर्ची ठेवली, तिथे मात्र लाज धरली नाही.

फिजिओ_ताई:
काका, चाला. हाडांमधली झिजलेली गादी परत येत नाही, पण मांडीचा पुढचा स्नायू या वयातही बळकट होतो आणि गुडघ्याला सावरतो. खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच आकडे धरा, हळू खाली. दहादहा वेळा, दोन्ही पायांना. चालणं दहा मिनिटांपासून. थोडं दुखेलच, दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर कमी करा, बंद नको. काठी उजव्या हातात. वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने घटतो. बीपी असेल तर मेडिकलमधून परस्पर दुखण्याच्या गोळ्या आणू नका. चोळायच्या जेलबद्दल डॉक्टरांना विचारा. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

क्लचवाला (तीन आठवड्यांनी):
काठी मी दुखऱ्या बाजूलाच धरत होतो! आता अर्धी फेरी होते. वजन ८३. मुलाने पुण्याहून पट्टा पाठवलाय, दिवसभर घालू?

फिजिओ_ताई:
चालताना आणि जिन्यात घाला. झोपताना काढा. पाय सरळ करायचा व्यायाम चालू आहे ना?

क्लचवाला:
टीव्हीवर बातम्या लागल्या की.